क्लाउडवर गेलेलं ग्रंथालय आणि थांबलेला काउंटर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

वीज, इंटरनेट किंवा सर्व्हर बंद पडल्यावर विद्यापीठ ग्रंथालयाची सेवा कशी चालू ठेवावी, या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. पहिला असा, की कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर क्लाउडवर नेलं की सर्व्हर आणि बॅकअप ही पुरवठादाराची जबाबदारी होते, ग्रंथपालाने त्यात डोकं घालायचं कारण नाही. दुसरा, देवघेवीच्या काउंटरवर कागदी तक्ता ठेवायला सांगणं म्हणजे ग्रंथालयाला पुन्हा रजिस्टरच्या काळात ढकलणं. दोन्ही आक्षेप अनेक ग्रंथपालांच्या मनात असतात, म्हणून उत्तर जरा लांबलं तरी चालेल.

क्लाउडवर सर्व्हर जातो, काउंटर इथेच राहतो. काउंटरपासून क्लाउडपर्यंतच्या वाटेत तुमचा संगणक, मजल्यावरचा नेटवर्क स्विच, इमारतीत फायबर जिथे संपते ते उपकरण आणि विद्यापीठाचा फायरवॉल असतो. यातलं एक बंद पडलं तरी कोहा उघडत नाही. सर्व्हर रूमला मोठा यूपीएस असतो आणि जिन्याखालच्या पेटीतला स्विच मात्र साध्या प्लगवर असतो, ही स्थिती सर्रास दिसते. काउंटरवर लॅपटॉप आणि यूएसबी स्कॅनर ठेवला तर यूपीएसवर घ्यायचा राहतो तो स्विच आणि ते फायबरचं उपकरण. स्विचवरून कॅमेऱ्यांना वीज जात नसेल तर साधारण ५०–६० वॉटचा हा मामला आहे. त्याला जनरेटर लागत नाही. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी मात्र ३ ते ५ वर्षांत बदलावी लागते. बसवल्याची तारीख बॅटरीवरच लिहून ठेवा.

इंटरनेटची दुसरी लाइन आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बहुतेक ई-नियतकालिकं विद्यापीठाच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या ओळख क्रमांकावरून, ओळख पटवतात. पहिली लाइन तुटून दुसरी सुरू झाली की बाहेर दिसणारा आयपी बदलतो आणि प्रकाशकाची साइट पैसे मागू लागते. विद्यार्थी म्हणतात वर्गणी संपली, आयटी विभाग म्हणतो नेट तर चालू आहे, आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. उपाय सोपा आहे: दुसऱ्या लाइनचा स्थिर आयपीही प्रकाशकांकडे आधीच नोंदवून ठेवायचा. इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-नेटवर्क केंद्राच्या इन्फेड या सामायिक लॉगिन सेवेतून प्रवेश होत असेल तर आयपीचा प्रश्न येत नाही, पण लॉगिन तपासणारा सर्व्हर तुमच्याच आवारात असेल तर तिथली वीज गेल्यावर घरी बसलेल्या संशोधकाचाही प्रवेश बंद होतो.

आता देवघेव. कोहासाठी विंडोजवर चालणारं ऑफलाइन देवघेवीचं साधन आहे. ते व्यवहार एका केओसी फाइलमध्ये साठवतं आणि नेट आल्यावर ती फाइल अपलोड करायची असते. या साधनाला फक्त बारकोड आणि वेळ कळते. पुस्तक दुसऱ्या कुणी राखून ठेवलंय, सभासदाची मुदत संपली आहे किंवा त्याच्यावर बंदी आहे, हे ते सांगत नाही. त्यामुळे खंड पडलेल्या काळात राखीव फळीवरची पुस्तकं देऊ नयेत, एवढा नियम आधीच लावून टाकावा. दोन काउंटर चालू असतील तर फाइल थेट लागू करू नका. दोन्ही फाइली ऑफलाइन रांगेत टाका आणि मग एकत्र प्रक्रिया करा. एका काउंटरवर परत आलेलं पुस्तक दुसऱ्या काउंटरवरून लगेच दुसऱ्याला दिलेलं असतं. फाइली उलट क्रमाने लागल्या तर ते पुस्तक शेवटी परत आलेलं दिसतं आणि ज्याच्या हातात आहे त्याच्या खात्यावर काहीच उरत नाही. म्हणूनच दोन्ही लॅपटॉपची घड्याळं जुळलेली हवीत.

याहून महत्त्वाचं म्हणजे रात्रीची कामं. दंड मोजणारं आणि स्मरणपत्रं पाठवणारं क्रॉन, म्हणजे सर्व्हरवर आपोआप चालणारं काम, ठरल्या वेळी धावतंच. सर्व्हर चालू आणि काउंटर बंद असेल, तर दुपारी पुस्तक परत केलेल्या विद्यार्थ्याला रात्री दंड लागतो आणि सकाळी ईमेलही जातो. नंतर तो दंड हाताने काढत बसावं लागतं. खंड पडला की पहिलं काम हे क्रॉन थांबवण्याचं. क्लाउडवर असाल तर ते कुणाला फोन करून थांबवायचं, हे लेखी असू द्या. ग्रंथालय खरोखर बंदच राहिलं असेल तर तो दिवस कोहाच्या कॅलेंडरमध्ये सुट्टी म्हणून घाला, आणि त्या दिवशी देय असलेल्या पुस्तकांची मुदत एकगठ्ठा वाढवा.

पुस्तकांवर आरएफआयडी, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचले जाणारे टॅग, असलेल्या ग्रंथालयात आणखी एक अडचण येते. पुस्तक ऑफलाइन दिलं तरी टॅगवरची सुरक्षा खूण बदललेली नसते, म्हणून दारातलं गेट वाजतं. आरएफआयडी रीडर सर्व्हरशिवाय ती खूण बदलू शकतो का, हे पुरवठादाराला आज विचारा. नसेल, तर शिक्का मारलेली चिठ्ठी पुस्तकात घालून द्यायची आणि सुरक्षारक्षकाला तसं सांगून ठेवायचं.

कागदाबद्दल. लॅपटॉपची बॅटरी संपल्यावर उरतं काय? चार रकाने: वेळ, सभासद क्रमांक, पुस्तकाचा बारकोड, दिलं की घेतलं. रजिस्टरचा काळ परत आणायचा कुणाचाच विचार नाही. हा तक्ता त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कोहात चढतो, परतीची तारीख मागची टाकून. त्यासाठी परतीची तारीख निवडू देणारी आणि मागच्या तारखेनुसार दंड पुन्हा मोजणारी, अशा दोन्ही सेटिंग चालू हव्यात. हा तक्ता नसेल तर त्या दिवशीच्या नोंदी कर्मचाऱ्यांच्या आठवणीवर राहतात, आणि परीक्षेनंतर नो ड्यूजच्या रांगेत त्याचा त्रास विद्यार्थ्याला होतो. तो म्हणतो पुस्तक परत केलं, संगणक म्हणतो नाही.

बॅकअप रोज होतोच, असंही तुम्ही लिहिलंत. डेबियन या लिनक्स प्रणालीवर कोहा पॅकेजमधून बसवलं असेल तर रोज डंप, म्हणजे डेटाबेसची प्रत असलेली फाइल, निघतो हे खरं. पण तो त्याच मशीनवर पडतो आणि मूळ सेटिंगनुसार दोनच दिवस ठेवला जातो. डिस्क गेली की मूळ डेटा आणि डंप दोन्ही गेले. चुकून पुसलेल्या नोंदी तिसऱ्या दिवशी लक्षात आल्या, तर चांगला डंप उरलेला नसतो. दुसऱ्या जागी एक प्रत आणि नेटवर्कपासून तोडलेली आणखी एक, इतकं किमान हवं. आणि सहा महिन्यांतून एकदा ती प्रत वेगळ्या मशीनवर उभी करून बघायला हवी. उभी करताना तिथलं ईमेल सगळ्यात आधी बंद करा, नाहीतर चाचणीच्या सर्व्हरवरून खऱ्या सभासदांना पत्रं जातील. शोधासाठीचा इंडेक्स नव्याने बांधून होईपर्यंत डेटाबेस भरलेला असूनही ओपॅकमध्ये, म्हणजे वाचकांच्या ऑनलाइन तालिकेत, काहीच सापडत नाही. यामुळे घाबरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणारे भेटतात.

प्रबंधांसारखा डिजिटल संग्रह ठेवणाऱ्या डीस्पेस या सॉफ्टवेअरचं गणित निराळं आहे. प्रबंधांच्या फाइली असेटस्टोअर फोल्डरमध्ये आकड्यांच्या नावांनी असतात, कुठली फाइल कुणाची हे पोस्टग्रेस डेटाबेसलाच ठाऊक. एकाशिवाय दुसरं निरुपयोगी. आधी डेटाबेसचा डंप घ्यावा, नंतर असेटस्टोअरची प्रत. क्रम उलटा झाला तर मधल्या वेळात आलेल्या प्रबंधाची नोंद डंपमध्ये असते, फाइल नसते. शोधाचा इंडेक्स पुन्हा बांधता येतो. डाउनलोडची आकडेवारी मात्र फक्त सोलर या डीस्पेसच्या शोधयंत्रणेत राहते, ती वेगळी निर्यात केली नाही तर कायमची गेली. नॅक मूल्यांकनाच्या अहवालाच्या वेळी हीच आकडेवारी आठवते.

ब्रिटिश लायब्ररी हे राष्ट्रीय ग्रंथालय, विद्यापीठाचं नव्हे. तरी ऑक्टोबर २०२३ मधल्या रॅन्समवेअर (खंडणीसाठीच्या सायबर) हल्ल्यानंतर त्यांनी मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल तुम्ही जरूर वाचा. डिजिटल संग्रहाच्या सुरक्षित प्रती त्यांच्याकडे होत्या. त्या उभ्या करायला चालू स्थितीतली यंत्रणाच उरली नव्हती, कारण हल्लेखोरांनी काही सर्व्हर नष्ट केले होते आणि जुन्या प्रणाली पूर्वीसारख्या पुन्हा बसवता येत नव्हत्या. मुख्य तालिका १५ जानेवारी २०२४ ला परत आली, तीही फक्त वाचण्यापुरती.

तेव्हा क्लाउडला माझा विरोध नाही. फक्त करारात तीन गोष्टी असाव्यात: संपूर्ण डेटाबेसचा एसक्यूएल डंप दर आठवड्याला ग्रंथालयाच्या ताब्यात मिळणं, बंद पडलेली सेवा किती तासांत परत येईल याची मुदत, आणि करार संपल्यावर डेटा कोणत्या स्वरूपात परत मिळेल. तुमच्या पुरवठादाराच्या करारात या तीनपैकी काय आहे ते बघून इथेच कळवा, त्यावर पुढे बोलू.