भांड्याला तांदूळ चिकटला म्हणून कोटी मिळत नसतात

"माळ्यावरच्या या वस्तू चुकूनही भंगारात देऊ नका, रातोरात कोट्यधीश व्हाल." हा मेसेज बहुतेकांना आलाच असेल. यादी अशी: ट्रॅक्टरवाली 5 ची नोट, 786 नंबरची नोट, वैष्णोदेवीचा सिक्का, तांदूळ ओढणारं तांब्याचं भांडं, लाल पारा असलेला जुना रेडिओ नाहीतर शिलाई मशीन, आणि चांदीचा रुपया. खाली एक मोबाईल नंबर आणि रिझर्व्ह बँकेचा लोगो. इतके दिवस मी बघून डिलीट करत होते, पण गेल्या आठवड्यात आमची मावशी त्या नंबरवर 'रजिस्ट्रेशन फी' पाठवायला निघाली होती, म्हणून हे लिहितेय.

आधी नोटा-नाण्यांचं उरकते. रिझर्व्ह बँकेने 4 ऑगस्ट 2021 ला प्रेस रिलीज काढून स्पष्ट सांगितलंय की आम्ही जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या खरेदी-विक्रीत नाही, त्यासाठी फी किंवा कमिशन कधीच मागत नाही, आणि आमच्या नावाने पैसे गोळा करायचा अधिकार कुणालाही दिलेला नाही. संपला विषय. तरी 786 वाल्यांसाठी थोडं गणित: नोटेवर आकडे सहा, म्हणजे शेवटी 786 असलेली नोट दर हजार नोटांमागे एक येणारच, त्यात दुर्मीळ काय? श्रद्धा म्हणून पाकिटात ठेवा, माझं काही म्हणणं नाही, पण तिला लाखो देणारा माणूस नसतो. वैष्णोदेवीचा सिक्का तर 2012 चा आहे, श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवाचा. तो द्या आणि तेवढ्याचं चॉकलेट घ्या.

आता ते भांडं. यावर मात्र माझं डोकं फिरतं, कारण यात लोकांची घरं बसलीयेत. मेसेज म्हणतो की वीज पडलेल्या तांब्याच्या भांड्यात इरिडियम तयार होतं, ते तांदूळ खेचतं आणि नासा सॅटेलाइटसाठी ते कोटींना घेते. अहो, इरिडियम हा वेगळा धातू आहे, प्लॅटिनमच्या कुळातला, वीज पडून तांब्याचं इरिडियम होत नाही. बिल्डिंगवर वीज उतरवायला तांब्याच्याच पट्ट्या लावतात ना, त्यांच्यावर विजा पडतात आणि त्या तांब्याच्याच राहतात, चोर त्या चोरतात तेही मोडीच्या भावाने विकायला, नासाला द्यायला नाही. तांबं चुंबकाला चिकटत नाही, तांदूळही चिकटत नाही. मग व्हिडिओत दिसतं ते काय? तांदळाला लोखंडाचा बारीक कीस लावलेला आणि भांड्यात मॅग्नेट दडवलेला. तुमच्या डब्यातले तांदूळ पुढे करा, बघा किती ओढतो ते.

आणि फसवणूक भांडं विकण्यात नसतेच, ती टेस्टिंगमध्ये असते. शास्त्रज्ञ येणार, त्याचं विमानाचं तिकीट तुम्ही काढा, रेडिएशनचा सूट भाड्याने आणा, केमिकल मागवा. 2018 मध्ये दिल्ली पोलिसांनी एका बाप-लेकाला पकडलं, त्यांनी हेच नासाचं नाव सांगून एका व्यावसायिकाकडून 1 कोटी 43 लाख काढले होते. व्यावसायिकाकडून! मग आमच्या मावशीचं काय घेऊन बसलात.

याच भांड्याचा भाऊ म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचं 1818 चं, हनुमान नाहीतर रामदरबार असलेलं नाणं. कंपनीने असली नाणी कधी पाडलीच नाहीत, ते देवळाबाहेर मिळणारे टोकन. देव्हाऱ्यात असेल तर असू दे.

लाल पारा: ज्याला कोटी मिळतात असं सांगतात तो पदार्थच अस्तित्वात नाही. जुन्या रेडिओच्या व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे बल्बसारख्या काचेच्या नळीत, काचेला आतून जो चंदेरी आरसा दिसतो तो पारा नव्हे, बेरियमचा लेप, आत राहिलेला वायू शोषायला लावलेला. शिलाई मशीनची अफवा 2009 मध्ये सौदी अरेबियात इतकी पसरली होती की जुन्या सिंगर मशीनसाठी लोक लाखो रियाल मागत होते. आपल्याकडे तीच अफवा आता नवीन म्हणून फिरतेय. आणि कृपा करून पारा शोधायला जुना टीव्ही फोडून बघू नका, पिक्चर ट्यूब फुटली तर काचा तोंडावर येतात.

चांदीच्या रुपयाचं मात्र मान्य करावं लागेल, थोडंसं. 1939 पर्यंतच्या रुपयात जवळजवळ 92 टक्के चांदी आहे, वजन 11.66 ग्रॅम. 1940 पासून चांदी निम्म्यावर आली आणि 1947 चा रुपया तर निव्वळ निकेलचा. म्हणजे साल बघा, वजन करा, चांदीचा भाव मिळेल. 1911 च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून बोंब झाली आणि पुढच्या वर्षी चित्र बदललं, तसल्या नाण्याला संग्राहक जास्त देतात. पण व्हिक्टोरियाचे रुपये ढिगाने आहेत, त्यांना लाख कुणी देत नाही.

गंमत म्हणजे खरोखर किमती असतं ते या यादीत नाहीच. आजीची खऱ्या जरीची पैठणी बोहारणीला एका पातेल्यावर जाते, त्या जरीची तार वितळवून चांदी काढतात हे घरात कुणाला माहीत नसतं. आणि मोडी लिपीतले जुने कागद! जमिनीचे, देण्याघेण्याचे, पत्रव्यवहाराचे. इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी असलेच कागद वाड्यावाड्यातून फिरून जमवले आणि 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. आमच्या गावात एका वाड्यातून निघालेले मोडी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, किराणावाल्याकडे पुड्या बांधायला गेले. त्याच घरात 786 ची नोट मात्र लॅमिनेट करून ठेवलीये, म्हणजे उद्या खरंच एखादा संग्राहक आला तरी ती घेणार नाही.