डबल मार्कर ‘हाय रिस्क’ आला म्हणजे बाळात दोष आहेच?

‘डबल मार्कर हाय रिस्क आला की बाळ मतिमंदच. सोनोग्राफी नॉर्मल असेल तर बाकीच्या तपासण्या पैशांसाठी. सुई टोचली की मूल जातं. आणि दोष कळून उपयोग तरी काय?’ असा मेसेज गरोदर बायकांच्या ग्रुपवर फिरतो आहे. डबल मार्कर म्हणजे बाळाला डाउन सिंड्रोमसारखा (बौद्धिक वाढ मंदावणारा) गुणसूत्रदोष असण्याची शक्यता किती, हे सांगणारी आईची रक्ततपासणी.

यातला पहिला दावा सर्वांत घातक. रिपोर्टवर १:१८० असेल, तर असा आकडा आलेल्या १८० जणींपैकी एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम असतो, १७९ जणींच्या बाळांना नसतो. बऱ्याच लॅब १:२५० ही सीमा धरतात, म्हणून तो शिक्का बसतो. रक्तातले दोन घटक, आईचं वय, वजन आणि ११ ते १३ आठवडे ६ दिवसांतला एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी मोजणारी सोनोग्राफी) यांवरून हा हिशेब होतो. फॉर्मवर वजन अंदाजाने टाकलं, जुळी किंवा मधुमेह लिहायचा राहिला, दात्रीचं बीज असताना आईचंच वय घातलं, की हिशेब बिघडतो. आधी फॉर्म तपासा. एनटीशिवाय नुसत्या रक्तावरचा निकाल तर फारच कच्चा.

पुढची पायरी एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तावरचीच आणखी एक तपासणी. दहाव्या आठवड्यापासून होते, डाउनसाठी खूप अचूक आहे. पण ती वारेतून आईच्या रक्तात आलेला डीएनए वाचते. वारेत दोष आणि बाळ निरोगी, असं घडतं. निव्वळ तिच्यावर गर्भपाताचा निर्णय घेऊ नये.

सोनोग्राफीचं म्हणाल तर डाउनची कित्येक बाळं अवयवांची रचना पाहणाऱ्या अ‍ॅनोमली स्कॅनमध्ये नॉर्मलच दिसतात. हृदयातलं लहान छिद्र निसटतं, बहिरेपणा दिसतच नाही.

सुईची भीती समजण्यासारखी आहे. बाळाची गुणसूत्रं थेट तपासणारी गर्भजल तपासणी सोळाव्या आठवड्यापासून, सोनोग्राफीवर सुई पाहत, १५ ते २० मिली पाणी काढून होते. अनुभवी हातांत गर्भपाताचा धोका दोनशेत एकाहून कमी. धोका आहेच, म्हणून ती सरसकट करत नाहीत. आरएच निगेटिव्ह आईने ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन घ्यावं.

आणि उपयोग? हृदयाच्या दोन मुख्य धमन्यांची अदलाबदल आधी कळली, तर बाळंतपण हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात ठरवता येतं आणि जन्मताच प्रोस्टाग्लँडिन हे औषध सुरू होतं. नाहीतर बाळ निळं पडल्यावर धावाधाव. गर्भ ठेवायचा की नाही, हा निर्णय मात्र सर्वस्वी आईचा. त्यासाठी वेळ हाताशी हवा: गुणसूत्रांच्या पूर्ण रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात, आणि गर्भपात कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर २४ आठवड्यांपुढे गंभीर दोषासाठी वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते. म्हणून अ‍ॅनोमली स्कॅन १८ ते २० आठवड्यांतच करून घ्या.