75 टक्के झाले की सिस्टीम आपली? नाही

जळगाव-भुसावळकडच्या एलीट डेंजरस हा अंतराळातला गेम खेळणाऱ्या पोरांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय: "मोठं जहाज घ्या, विरोधकांची जहाजं उडवत राहा, आपल्या फॅक्शनचा टक्का 75 वर न्या, हवी ती सिस्टीम आपली." सिस्टीम म्हणजे तारा-ग्रहांचा समूह, फॅक्शन म्हणजे तिथला एखादा गट, आणि टक्का म्हणजे त्या गटाचा तिथला प्रभाव. मेसेजमधला 75 चा आकडा तेवढा खरा आहे. बाकीच्यामुळे नवी पोरं रात्र-रात्र जागून उलटंच काम करून बसतात.

"जहाजं उडवत राहा." उडवल्याने त्या फॅक्शनचा टक्का घसरतो, हे खरं. पण सिस्टीममधल्या सगळ्या फॅक्शनचा मिळून टक्का 100च असतो. एकीचा गेला की तो बाकीच्यांत वाटला जातो, एकट्या आपल्या पदरात पडत नाही. आपला वाढवायचा तर आपल्या फॅक्शनची मिशनं करा, तिच्याच स्टेशनवर नफ्याचा माल आणि शोधमोहिमेचा डेटा विका. 'तिच्याच' हा शब्द महत्त्वाचा. माझ्या आतेभावाने यावलला घरी बसून तीन आठवडे दूरदूरच्या ताऱ्यांचा डेटा गोळा केला आणि वाटेत पडलं म्हणून भलत्याच फॅक्शनच्या स्टेशनवर विकला. क्रेडिट (गेममधले पैसे) त्याला मिळाले, टक्का विरोधकांचा चढला. सावद्याच्या काट्यावर मोजलेली केळी रावेरच्या वहीत कशी चढणार?

"मोठं जहाज घ्या." त्याआधी सिस्टीमची लोकसंख्या बघा. काही हजार वस्ती असेल तर दोघं-तिघं मिळून चित्र पालटतात. अब्जावधींची असेल तर तेवढ्याच मेहनतीने टक्का जेमतेम हलतो.

"हवी ती सिस्टीम." इथे मेसेज सपशेल चुकतो. 75 ओलांडले की विस्तार, म्हणजे फॅक्शनचा दुसऱ्या सिस्टीममध्ये शिरकाव, लगेच होत नाही. आधी काही दिवस तो नुसता प्रलंबित दिसतो, मग सुरू होतो. जागाही खेळच ठरवतो: साधारण 20 प्रकाशवर्षांच्या आतली, शक्यतो सातपेक्षा कमी फॅक्शन असलेली. वर मूळ सिस्टीममधले साधारण 15 टक्के खर्ची पडतात.

आणि शिरकाव म्हणजे सत्ता नव्हे. तिथे टक्का वाढवत सत्ताधारी फॅक्शनच्या बरोबरीला आलात की युद्ध नाहीतर निवडणूक लागते. ती फार तर सात दिवस चालते, आणि जास्त दिवस जिंकणाऱ्याचं पारडं जड ठरतं. तेवढा काळ दोघींचे टक्के गोठलेले असतात. निवडणूक असेल तर तिथे लढून काही हाती लागत नाही.

आमचा पहिला विस्तार झाला तेव्हा आम्ही खुशीत दुसरीकडे वळलो. आठवड्याने पाहिलं तर नव्या जागी टक्का अडीचच्या खाली आणि माघार, म्हणजे फॅक्शनची तिथून हकालपट्टी, लागलेली. माघारीची मुदत संपेपर्यंत टक्का पुन्हा अडीचच्या वर आणला तर फॅक्शन टिकते. आम्ही तिघांनी चार रात्री दुसरं काही न करता तिचीच मिशनं ओढली, तेव्हा कुठे ती वाचली.