आधी घोडा तर द्या

नवी मुंबईत आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक उचलला तेव्हा इथे मेलबर्नमध्ये ३ नोव्हेंबर २०२५ची पहाट झाली होती. डोळे पुसून होत नाहीत तोच घरच्या ग्रुपवर जुना वाद पेटला. मुलींना सामन्याचं मानधन २०२२पासून पुरुषांइतकंच आहे, ते योग्य का? मामांनी लिहिलं, ‘बरोबरीचे पैसे हवेत ना, मग पुरुषांसमोर खेळून दाखवा.’

दुसऱ्या दिवशी मेलबर्न कप, इथली घोड्यांची मोठी शर्यत. शहराला सुट्टी असते. फ्लेमिंग्टन रेसकोर्सच्या त्या ३२०० मीटरच्या शर्यतीत बायका आणि पुरुष जॉकी म्हणून एकत्रच घोडे पळवतात, बाई म्हणून घोड्यावरच्या वजनात सूट नाही. त्या दिवशी जेमी मेलम ‘हाफ युअर्स’ या घोड्यावर बसून पहिली आली. मामांना मी फोनच लावला, कारण मला सांगायचं होतं ते तिच्या दहा वर्षं आधीच्या मिशेल पेनबद्दल.

मिशेल दहा भावंडांत धाकटी. ती सहा महिन्यांची असताना आई मोटार अपघातात गेली आणि घोड्यांचे ट्रेनर असलेल्या वडिलांनी सगळी मुलं वाढवली. २००४मध्ये घोड्यावरून पडून तिची कवटी फुटली, मेंदूला मार बसला. तरी ती परत बसली. २०१५च्या कपात तिच्या ‘प्रिन्स ऑफ पेन्झान्स’ या घोड्यावर पैजेचा भाव होता एकाला शंभर, म्हणजे तो जिंकेल असं जवळजवळ कुणालाच वाटत नव्हतं. घोड्याची निगा राखायचा तिचा भाऊ स्टीव्ही. त्याला डाउन सिंड्रोम आहे. घोडा कुठल्या फाटकातून सुटणार याची चिठ्ठीही त्यानेच काढली, एक नंबरची! १८६१पासूनच्या या शर्यतीत बाई जिंकली ती त्या दिवशी, पहिल्यांदा.

पण जिंकल्यावर ती जे बोलली ते मला जास्त मोलाचं वाटतं. त्या घोड्याच्या बहुतेक शर्यतींत तीच बसली होती, तरी कपासाठी घोड्याच्या काही मालकांना ती नको होती, असं तिने सांगून टाकलं. ट्रेनर डॅरेन वीअर तिच्या बाजूने ठाम राहिला, म्हणून ती खोगिरावर टिकली.

मामा, ताकदीचा पुरावा मागायचा आणि घोडा मात्र द्यायचा नाही, हे कसं चालेल? इथेही ते फुकट मिळालेलं नाही. पॅम ओ’नीलसारख्या बायका वर्षानुवर्षं झगडल्या तेव्हा १९७९मध्ये त्यांना पुरुषांबरोबर उतरता आलं, आणि पॅमने पहिल्याच दिवशी तीन शर्यती मारल्या. म्हणजे अंगात बळ आधीपासून होतंच. त्यानंतरही कपात पहिली बाई दिसायला १९८७ उजाडलं.

‘आपल्याकडे आहे का गं कुणी?’ मामांनी विचारलं. मी चेन्नईच्या जॉकी रूपा सिंगचं नाव सांगितलं. त्यांनी ते कधी ऐकलं नव्हतं. महालक्ष्मी रेसकोर्सवरून आपण इतकी वर्षं भांडतो, पण ते जागेवरून. तिथे किती मुलींना घोडा मिळतो, हे विचारताना मी कुणाला ऐकलेलं नाही.

मामा पुण्याचे. जुलैत पुण्याचा सीझन सुरू झाला की रेसकार्डावर, म्हणजे शर्यतींच्या छापील यादीत, जॉकींची नावं वाचून कळवतो म्हणालेत.