मालकाचं उत्तर: पेपरची घडी कुठे घालायची?

नमस्कार. तुमचा दोन ताऱ्यांचा अभिप्राय वागळे इस्टेटच्या आमच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांनी वाचला. (हे उत्तर तुम्ही स्क्रीन रीडरवर ऐकाल, म्हणून फोटो-इमोजी घातलेले नाहीत.)

तुमची मुख्य तक्रार अशी, की आमचं वाचनयंत्र (कॅमेऱ्याने छापील पान टिपून मोठ्याने वाचून दाखवणारं) वर्तमानपत्राचं पान सरळ आडवं वाचत सुटतं आणि पाणीकपातीच्या बातमीत मधेच क्रिकेटचा स्कोअर घुसतो. फोनवर आमच्या मुलाने घडी घालून एकेक रकाना ठेवायला सांगितलं, त्यावर तुम्ही लिहिलंत, "घडी कुठे घालायची ते दिसलं असतं तर मशीन कशाला घेतलं असतं?" बिनतोड आहे, यावर काय बोलणार! यंत्र रकाने ओळखतं ते मधल्या कोऱ्या पट्टीवरून, आणि आपल्या पेपरांत ती पट्टी बारीक, त्यात रंगीत चौकटी. सध्या आम्ही दुसरी रीत तपासतोय. पानावर किती रकाने आहेत ते यंत्र आधी सांगेल, मग बटण दाबत एकेका मथळ्यावर जायचं. ती तुमच्या हाताखालून गेल्याशिवाय विकायची नाही, असं ठरवलंय.

'दऱ्या'चं 'दर्या' होतं, हेही खरं. अक्षरं ओळखणाऱ्या बऱ्याच प्रणाली हिंदी मजकुरावर तयार झाल्या आणि हिंदीत 'ऱ्या' नाहीच. असे चुकणारे शब्द तुमच्याकडून जमतील तेवढे हवेत.

स्टँड काढून टाका म्हणता, ते मात्र पटत नाही. कॅमेरा ठरावीक उंचीवर असला तरच ए-फोर पान पूर्ण मावतं. हातात धरला तर कोपरा कापला गेल्याचं कळणार कसं? ब्रेल पट्टी, म्हणजे बोटांनी वाचायची उठावदार टिंबांची ओळ, महाग का असं म्हणाल, तर एका घरात (एका अक्षराच्या जागेत) 8 टिंबं, म्हणजे 40 घरांच्या ओळीत 320 हलत्या पिना. किंमत तिथे चढते.

फोनवरचं फुकट ॲप बरं, असंही तुम्ही लिहिलंय. टचस्क्रीनवर हात बसलेल्यांना आम्हीच आधी गूगलचं लुकआउट (फोनच्या कॅमेऱ्यातून मजकूर वाचून दाखवणारं ॲप) वापरून बघा म्हणतो. आमचं यंत्र उतारवयात नजर गेलेल्यांसाठी, ज्यांना तीन ठसठशीत बटणं पुरतात.

सूचना पाठवताना 'मराठी नीट वाचत नाही' एवढंच लिहिलं तर आम्हाला काही धरता येत नाही. कागद चकचकीत होता की पेपरचा, उजेड खिडकीचा की ट्यूबलाइटचा, कुठला शब्द कसा ऐकू आला, ते सांगा. व्हॉइस मेसेज चालेल. वीजबिल किंवा डॉक्टरांचा रिपोर्ट असेल तर फोटो नको, तोंडीच सांगा.

जमलं तर एखाद्या शनिवारी घरचाच पेपर घेऊन या. आधी फोन केलात तर आमचा माणूस ठाणे स्टेशनला सॅटिसवर (स्टेशनबाहेरच्या बसच्या उंच पुलावर) घ्यायला येईल.