बंदराच्या वादात राहून गेलेला प्रश्न

वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ला झालं. तेव्हापासून पालघरकडच्या नातेवाइकांचा फोन आला की बोलणं तिकडेच वळतं. कुणी म्हणतं पोरांना नोकऱ्या लागतील, कुणी म्हणतं मासेमारीच्या जागा गेल्या. मालवणात विचारावं तर तिथे पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांचा आणि परराज्यांतल्या ट्रॉलरचा वाद. हे सगळे वाद पोटाचे आहेत, त्यांना कमी लेखण्याचा मला अधिकार नाही. पण मी डार्विनला राहतो, ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, आणि इथे बाहेरून नौका आली की आधी विचारतात, बुडाला काय चिकटून आलंय? कोकणातल्या वादांत हा प्रश्न मला ऐकू येत नाही.

इथे तो विचारला जातो त्याला कारण घडलं. मार्च १९९९मध्ये इथल्या कलन बे मरिनात, म्हणजे खासगी नौका उभ्या करायच्या छोट्या बंदरात, काळ्या पट्ट्यांचा एक शिंपला सापडला. मूळचा मेक्सिकोच्या आखात-कॅरिबियन भागातला, जेमतेम अडीच सेंटिमीटरचा. सप्टेंबर १९९८च्या पाहणीत तो नव्हता. सहा महिन्यांत काही ठिकाणी चौरस मीटरला २३,०००च्या वर झाला होता. महिन्याभरात वयात येतो, खारं-गोडं दोन्ही पाणी सोसतो. सरकारने तीन मरिना बंद केल्या, पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतलं, तिथून निघून गेलेल्या शेकडो नौका हुडकून तपासल्या. सुमारे २२ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च आला, पण शिंपला काही आठवड्यांत नाहीसा झाला.

हाच शिंपला विशाखापट्टणम बंदरात १९६७च्या सुमारास आढळला होता, आणि सत्तरच्या दशकात त्याची मुंबईतही नोंद झाली. डार्विनने ज्याच्यासाठी मरिना बंद केल्या, तो आपल्याकडे पन्नास वर्षं नांदतो आहे आणि बंदराबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही.

‘तिकडच्यासारखं करा’ असं मात्र मी म्हणणार नाही. डार्विनला भरती-ओहोटीत सात-आठ मीटरचा फरक पडतो, म्हणून मरिनांना दरवाजे आहेत. ते लावून घेता आले. विषाने शिंपल्याबरोबर आतलं इतरही बरंच मेलं. भाट्याच्या किंवा दाभोळच्या खाडीला कुठला दरवाजा लावणार? आणि त्या पाण्यातली कालवं आणि तिसऱ्या हे शिंपले लोकांच्या ताटात जातात, तिथे मोरचूद ओतायचा विचारही करवत नाही. पावसाळ्यात खाडी गोडी झाली की परका जीव मरेल, या भरवशावरही राहता येत नाही.

म्हणजे आपल्या हातात उरतं एकच, लवकर दिसणं. केरळात अष्टमुडीच्या कायलात, म्हणजे समुद्राला जोडलेल्या खाऱ्या सरोवरात, दक्षिण अमेरिकेतला दुसरा एक शिंपला पसरला आणि तिथल्या हिरव्या शिंपल्याची, म्हणजे आपल्या शिनाण्यांची, जागा त्याने घेतली. हे पाण्यात रोज हात घालणाऱ्यांच्या लक्षात येतं. रत्नागिरीच्या खडकांवर कालवं फोडणाऱ्या बाईला नवा शिंपला एका ओहोटीत ओळखू येईल. पण तो दाखवायचा कुणाला, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. ही व्यवस्था उभी करायला डार्विनचा पैसा लागत नाही. प्रत्येक मत्स्य कार्यालयात एक ठरलेला माणूस, एक फोन नंबर आणि आणलेला नमुना ओळखून घ्यायची सोय एवढं पुरेल.

बंदरांची बाजू याहून अवघड आहे. जहाज माल भरायला रिकामं येतं तेव्हा तोल सांभाळायला पोटात भरून आणलेलं परक्या समुद्रातलं पाणी, म्हणजे बॅलास्टचं पाणी, इथे सोडतं. ते पाणी शुद्ध करण्याचा आंतरराष्ट्रीय करार २०१७पासून लागू आहे. त्याच्याही आधी, २०००च्या सुमारास, या विषयावरच्या जागतिक प्रकल्पाच्या सहा प्रायोगिक बंदरांत मुंबई होती. म्हणजे आपल्याकडे जाणकार आहेत. पण बुडाला चिकटून येणाऱ्या जिवांचं काय? सगळ्यात धोक्याचे असतात ते गाळ उपसणारे ड्रेजर आणि सामान वाहणारे सपाट बार्ज: सावकाश चालतात, एका बंदरात महिनोन् महिने उभे राहतात, मग दुसऱ्या देशात कामाला जातात. नवं बंदर बांधायला नेमके हेच येतात.

बंदर हवं म्हणणाऱ्यांनी आणि नको म्हणणाऱ्यांनीही हे एकत्र मागावं: कामावर येणाऱ्या प्रत्येक ड्रेजरचं बूड कोकणच्या पाण्यात शिरण्याआधी तपासलं जावं, आणि त्याचा अहवाल शेजारच्या कोळीवाड्यात मराठीत लावला जावा.