दोन इंच माया

आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत ‘कशी आहेस?’ असं कोणी विचारत नाही. विचारायचं काय त्यात, दिसतंच की! एसटीतून पाय खाली टेकतो न टेकतो तोच पहिला ओटा ओरडतो, “बाप्पा, किती वाळली वं!” आणि पुढच्या वळणावरचा ओटा म्हणतो, “होस्टेल मानवलं दिसते पोट्टीले. गाल पाहा!” दोन ओट्यांमध्ये अंतर फार तर हाकेचं. एवढ्यात माणूस वाळतो कसा आणि फुगतो कसा, हे बी.एस्सी.ला कोणत्याच पेपरात नव्हतं.

सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर कापसाची गाडी लागली की ग्रेडर मधूनच मूठभर कापूस उपसतो, दाबतो, धागा ओढून बघतो, ओलावा मोजतो. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, बारापर्यंत कापून भाव, त्याच्या वर गाडी परत. लग्नाच्या वयाच्या पोरीची तपासणी याच शिस्तीत होते. फरक एवढाच की कापसाला हमीभाव आहे.

चुलत बहिणीचं लग्न निघालं आणि माझ्या ब्लाउजचा विषय आला. गावातल्या शिवणकामवाल्या ताईंकडे आत्या मला घेऊन गेली. ताई टेप लावणार आणि आकडे ओरडून सांगणार, कारण वहीत लिहिणारी त्यांची पोरगी मागच्या खोलीत टीव्हीसमोर. “छाती बत्तीस!” पिको-फॉलला आलेल्या बाया एकदम गप्प. “कंबर एकोणतीस!” एक सुस्कारा. “दंड...” ताई थांबल्या, टेप पुन्हा लावला, “दंड लिहू नको, अंदाजानं घेतो.” सातबारा काढायला तलाठ्याकडे खेटे घालावे लागायचे. माझी कंबर मात्र दिवेलागणीपर्यंत अख्ख्या गावाला पाठ.

“आत दोन इंच माया सोडजा,” आत्या म्हणाली, “लग्नानंतर भरनच ते अंग.”

“बाहीत बी सोडू?”

“सगळीकडं सोड.”

थोडक्यात, ब्लाउज माझं नव्हतंच. पुढंमागं अंगानं भरणार असलेल्या कोण्या बाईचं होतं आणि मी तिच्या सीटवर रुमाल टाकून बसले होते. त्याच वेळी काकू मला रात्रीची भाकर बंद कर म्हणत होती, कारण फोटोत हनुवटी दोन येतात. वाढायचं की आटायचं, हे घरातल्यांनी एकदा बसून ठरवावं, मी दोन्हीला तयार आहे.

रंगाचं खातं काकांकडे. बायोडाटात त्यांनी ‘निमगोरा’ लिहून टाकलं. मे महिन्यात पारा ४५ वर जाणाऱ्या मुलखात शेतात राबणाऱ्या घरातली पोर निमगोरी कुठून निघणार, हे विचारायची सोय नाही. उन्हाळ्याचं एक बरं असतं. स्कूटीवर आम्ही सगळ्याच पोरी फक्त डोळे उघडे ठेवून बाकी सगळं दुपट्ट्यात गुंडाळतो. आत्या समोरून गेली तरी ओळखत नाही. वर्षातले माझे सगळ्यात आत्मविश्वासाचे दिवस ते! १९७५ पासून खपणाऱ्या ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातून कंपनीनं २०२० मध्ये ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातला. ही खबर आमच्या किराणा दुकानापर्यंत यायची आहे. गिऱ्हाईक अजून ‘फेरनलवली’च मागतं.

लग्नाच्या धामधुमीतच उपकेंद्रात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन नऊ निघालं, बाईमाणसाला निदान बारा हवं. आशाताईंनी लोहाच्या लाल गोळ्या हातात ठेवल्या. घरी मी जोरात सांगितलं की राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या फेरीत, १५ ते ४९ वयाच्या देशातल्या शंभरातल्या ५७ बायांना रक्त कमी निघालं. माझ्या गालांपासून दंडापर्यंत सगळ्यावर मत असलेलं घर पहिल्यांदा निरुत्तर झालं. मग आत्या म्हणाली, “आतून कमी हाय नं? मंग काय होते. दिसत तं नाही.”

गोळ्यांवर मात्र तिचं मत होतं. “त्या खाऊ नको, रंग काळा पडते.”

“आत्या, त्यानं शी काळी होते, तोंड नाही.”

काकांनी वरणभाताचं ताट हळूच पुढं सरकवलं.

लग्नात मी पाठीमागं ओळीनं सेफ्टी पिना लावून वावरले. माया एवढी होती की आत मोबाइल मावला असता. तीन ठिकाणी ‘वाळली’, दोन ठिकाणी ‘भरली’ असा निकाल आला. बफेच्या रांगेत एका अनोळखी मावशीनं मला न विचारता जिलबी वाढली आणि तिच्या पुढच्या मावशीनं ती उचलून घेतली.

पंगती आटोपल्यावर आत्या कोठीच्या खोलीत तेलाच्या पिंपाला टेकून बसलेली दिसली. डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणाली. पहाटेपासून उभी होती. मी पदरानं वारा घातला.

“त्या लाल गोळ्या हाय काय वं तुयापाशी?”

“रंग काळा पडते नं त्यानं?”

“दे वं. मायं आता कोन पाह्यते.”

पर्समधून पाकीट काढून दिलं. चहानं लोह अंगी लागत नाही, पाण्यासोबत घे, असं सांगेपर्यंत तिनं गोळी तोंडात टाकून समोरची कपबशी रिकामी केली होती.